पाहुण्यांच्या रस्त्यानं

रेणूच्या नकाशात जंगलं होती आणि मामाजींच्या नकाशात पाहुणे. भांडण एवढंच होतं, पण ते दिवाळीला सुरू झालं आणि धान निघून घरात आलं तरी मिटलं नाही.

रेणू म्हणजे माझी नणंद आणि मामाजी म्हणजे माझे सासरे, नंदलालजी. कोहमाऱ्याला हायवेला लागून आमचं धानाचं दुकान आहे, मागे घर, आणि गावाबाहेर शेती. रेणू गोंदियाला एका पतसंस्थेत नोकरी करते, पण तिचा सगळा जीव तिच्या मोटारसायकलीत. नुसतं फिरणं तिला पुरत नव्हतं. मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांसाठी जंगलांच्या सहली आखायच्या, मुक्काम, पेट्रोल, सफारीची गाडी सगळं आधी ठरवून द्यायचं, असं तिने डोक्यात घेतलं होतं. नागपूरच्या तीन बायका जानेवारीत यायला तयार होत्या. त्याआधी तिला आणि तिची मैत्रीण चेतना हिला तो रस्ता स्वतः चालवून पाहायचा होता. बालाघाटवरून कान्हा, तिथून शिवनीवरून पेंच, आणि येताना कटंगी, तुमसर, तिरोडा करत नागझिऱ्याच्या कडेकडेने घरी.

मामाजींचा स्वभाव काळजीचा आहे, असं म्हटलं तर फार सौम्य होईल. काळजी करायला त्यांना कारण लागत नाही, नुसता रिकामा वेळ पुरतो. मोटारसायकलींना राष्ट्रीय उद्यानाच्या आत सोडतच नाहीत, आत जिप्सीनेच जावं लागतं, हे रेणूने सांगितलं तेव्हा ते एक दिवस शांत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि मला विचारू लागले की गेट कुठे आहे हे वाघाला आणि अस्वलाला कोण सांगतं. मी म्हटलं, मामाजी, चहा निवतोय.

मग त्यांनी आपल्या परीने उपाय काढला. आम्ही पोवार. आमचे लोक गोंदिया, भंडारा, बालाघाट, शिवनी असे पसरलेत की रेणूच्या रस्त्यावर बोट ठेवावं तिथे कोणी ना कोणी नातेवाईक निघतोच. दुकान बंद केलं की मामाजी तिच्या लॅपटॉपसमोर बसत, चष्मा कपाळावर चढवून त्या निळ्या रेघेकडे बघत आणि फोन लावत. बालाघाटला त्यांची चुलत बहीण निघाली. बैहरच्या अलीकडे कोणाचा तरी साढू निघाला. कटंगीला एक काका होते, जे माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीवरून रुसून गेले होते. आणि तिरोड्याच्या पुढे, जंगल सुरू व्हायच्या आधी, रेणूचे सख्खे मामा भैयाजी, म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ. सगळ्यांना एकच सांगणं, पोरी आल्या की फोन करा आणि गेल्या की फोन करा.

रेणू चिडली. पाच मिनिटं म्हणजे किती हे आपल्या पाहुण्यांना कळत नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. तिचा एकच कडक नियम होता, तो तिने नागपूरच्या बायकांनाही आधीच कळवला होता. दिवस मावळल्यावर जंगलाचा रस्ता धरायचा नाही, मग काहीही होवो. हिवाळ्याचे दिवस लहान. दारोदारी चहा पीत गेलं तर हा नियम पहिल्यांदा मीच मोडेन, असं ती बापाला समजावत होती. मामाजी ऐकेनात. शेवटी मी मध्ये पडले. थांबेल ती सगळीकडे, जाऊ द्या तिला, जबाबदारी माझी, असं बोलून गेले. का बोलले ते देव जाणे. रोज जेवताना तीच चर्चा ऐकून माझं डोकं उठलं होतं. मामाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रेणूकडे.

"जाय," ते म्हणाले. "पण कुठं अडकली, आमाले तुयासाठी धावा लागलं, तं चाबी मले आणून देजो. मंग गाडी मी इकून टाकीन."

"देईन," रेणू म्हणाली.

त्या निघाल्या आणि आमच्या घराचं रेल्वे स्टेशन झालं. बालाघाट आल्या, बालाघाट गेल्या, बैहर आल्या, असं मामाजी दुकानातून मोठ्याने जाहीर करत. समोर गिऱ्हाईक असलं तर त्यालाही सांगत. सासूबाई, पुष्पाबाई, आपल्याला काही काळजी नाही असं दाखवत होत्या, पण देवापुढचा दिवा त्यांनी भरदुपारीही विझू दिला नाही. कान्ह्यातून रेणूने वाघाचा फोटो पाठवला. तो वाघ किती लांब होता, हे मामाजींनी तिला दोनदा विचारून घेतलं. पेंचही नीट पार पडलं. मला वाटलं, चला, जिंकलो. उगाच एवढा घोर लावून घेतला होता सगळ्यांनी.

शेवटचा दिवस नुसता रस्त्याचा होता. पहाटे निघून दुपारच्या आत तिरोडा गाठायचं आणि उजेडात जंगल पार करायचं, असा रेणूचा हिशेब होता. तो कटंगीच्या काकांनी मोडला. इतक्या वर्षांचा रुसवा त्यांना नेमका त्याच दिवशी सोडायचा होता, आणि तो बसून जेवल्याशिवाय कसा सुटणार. तुमसरवरून रेणूचा मला मेसेज आला की वहिनी, फार उशीर झाला, भैयाजी मामांकडे थांबत नाही, बाहेरूनच हात करून निघते. तो मी मामाजींना दाखवला नाही. पण त्यांनी भैयाजींना सकाळपासून इतक्यांदा फोन केले होते की भैयाजी दुपारपासून रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकूनच बसले होते. बाहेरून हात करायला तिला बाहेरच उरलं नाही.

चार वाजून गेल्यावर भैयाजींकडून एक फोटो आला.

आमच्याकडे भाची म्हणजे देवाच्या जागी. ती दारात आली की मामा तिचे पाय धुतो, ते पाणी डोळ्यांना लावतो आणि मगच तिला घरात घेतो. पाय धुतलेली भाची न जेवता उठली तर ते घर वर्षभर खंतावतं. फोटोत रेणू अंगणात पाटावर बसली होती. मोटारसायकलचे ते उंच बूट, ज्यांच्या पट्ट्या सोडायलाच वेळ लागतो, बाजूला काढून ठेवलेले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, पाय पितळी परातीत. साठीचे भैयाजी तिच्यासमोर उकिडवे बसून तांब्याने पाणी ओतत होते. चेतना मागे हेल्मेट हातात धरून अवघडून उभी. भावाला असं बघून सासूबाईंचे डोळे भरून आले. मामाजी तर तो फोटो शेजारच्या ढाब्यावर दाखवून आले.

मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. अंगणभर सावली उतरली होती. मागच्या भिंतीवर ऊन फक्त कौलांच्या खाली, एका पट्टीपुरतं उरलं होतं. मी लगेच रेणूला फोन केला. उचलला भैयाजींच्या बायकोने, मामींनी, आणि सांगितलं की पोरी जेवायला बसल्या आहेत, पाटोडीची भाजी आणि नव्या तांदळाची खीर आहे, तूही यायला पाहिजे होतीस. मी म्हटलं, मामी, त्यांना सोडा हो. मामी हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

"गेल्या" असा भैयाजींचा फोन आला तेव्हा दुकानात आम्ही दिवे लावले होते. पोरगी फार घाईत होती, खीर अर्धी टाकून उठली, अशी त्यांची तक्रार. कोणत्या रस्त्याने गेल्या, तर जंगलाच्या. गोंदियावरून फेरा मोठा पडतो, आणि दिवस अजून थोडा शिल्लक आहे असं रेणूला वाटलं असावं. त्या रस्त्यावर अलीकडे एक नाका आहे, पलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला, दुसरा. दोन्ही नाक्यांवर आणि मधल्या जंगलात फोनला रेंज नाही. रेणूचा फोन लागेना. चेतनाचाही लागेना.

तरी मी घाबरले नव्हते, हे खरं सांगते. दिवस मावळला की नाक्यावर आडवा बांबू पडतो आणि मोटारसायकल आत सोडत नाहीत. म्हणजे उशीर झाला असेल तर त्या नाक्यावर बसल्या असतील, नाहीतर परत फिरल्या असतील. भुपेंद्र, माझा नवरा, हेच म्हणाला. सासूबाईही म्हणाल्या. गंमत अशी की आम्ही जितकं हे समजावत होतो तितके मामाजी जास्तच अस्वस्थ होत होते. खुर्चीत बसत, उठत, दारापर्यंत जात, हायवेवरच्या ट्रकांकडे बघून परत येत. शेवटी मला राग आला. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, मामाजी, एकदा बांबू पडला की तिथून कोणी आत जात नाही, कळतं ना तुम्हाला?

"बांबू नाई पडनार," मामाजी म्हणाले. "तिकडल्या नाक्यावर आपला वीरेंद्र आहे. त्याले मी सांगून ठेवलं. रेणू उशिरा आली तं अडवू नोको, घरची पोरगी आहे."

वीरेंद्र हा भैयाजींचा मुलगा. वनखात्यात वनरक्षक म्हणून नुकताच लागला होता, आणि मामाजींच्या पाहुण्यांच्या साखळीतली ती शेवटची कडी होती. आम्हाला त्यांनी ती सांगितलीच नव्हती.

"कायले?" सासूबाईंनी विचारलं.

मामाजी तुटक तुटक सांगत गेले. दोन पोरी उघड्यावर नाक्यावर बसून राहतील का, कोण कुठला येईल जाईल, लोक काय म्हणतील. म्हणून त्यांनी आठवडाभर आधीच सोय करून ठेवली होती. जिथे जिथे पोरगी अडकू शकते तिथे तिथे त्यांनी माणूस बसवला होता, आणि जी एक जागा तिला अडवायलाच ठेवलेली होती तीही त्यांनी मोकळी करून ठेवली.

भुपेंद्रने पिकअपची चावी घेतली. मामाजी चपला शोधू लागले, त्या त्यांच्या पायातच होत्या. मीही निघाले. जबाबदारी माझी म्हणून छाती पुढे काढली होती ना, मग घरी बसून दिवा सांभाळणं मला जमणार नव्हतं.

भुपेंद्र चालवत होता, मधे मामाजी, खिडकीशी मी. कापलेल्या धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलं होतं, तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, वास येत होता. मामाजी पुढच्या काचेला नाक लावून बसले होते. हळू चालव, असं भुपेंद्रला म्हणत आणि लगेच विचारत की एवढा हळू काऊन चालवून राहिला. झाडं दाट झाली तसे ते बोलायचे थांबले. मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. वाघाची तर होतीच, पण त्याहून साध्या गोष्टींची जास्त होती. रानडुक्कर आडवं येतं, चितळ दिव्याला भुलून रस्त्यात उभं राहतं, टायर पंक्चर होतो. आम्ही निदान पत्र्याच्या आत होतो. त्या दोघींच्या आणि जंगलाच्या मधे काहीच नव्हतं, एक जाड जॅकेट सोडलं तर.

आमच्या बाजूच्या नाक्यावर बांबू पडलेला होता. बाजूला एक खोली, समोर शेकोटी, आणि शेकोटीशी कानाला मफलर गुंडाळलेला वनरक्षक. त्याचं नाव रामलाल. भुपेंद्रने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की अंधार पडल्यापासून आतून एकही गाडी बाहेर आलेली नाही, आणि पलीकडून गाडी सोडली तर ते वायरलेसवर कळवतात, तसंही काही आलेलं नाही. भुपेंद्रने सुटकेचा निःश्वास टाकला. माझं मात्र मामाजींच्या चेहऱ्याकडे लक्ष होतं. ते काय विचार करताहेत हे मला कळत होतं, कारण मीही तोच करत होते. चोरून सोडलेली गाडी वीरेंद्र कळवेल कशाला?

मामाजींनी रामलालला बांबू उचलायला सांगितलं, आम्ही पाहून येतो म्हणाले. "बंद मंजे बंद," रामलाल म्हणाला. मग मामाजींनी आपलं नेहमीचं सुरू केलं. गाव कोणतं, आडनाव काय, मामकूळ कुठलं, आमगावकडे कोणी आहे का. रामलालने सगळ्याची उत्तरं दिली, पण कुठून कुठून नातं निघेना. त्या अख्ख्या मुलखात एक माणूस मामाजींना असा भेटला जो त्यांचा कोणीच नव्हता, आणि नेमका आज भेटला. माझ्या सासऱ्यांना इतकं एकटं मी कधी पाहिलं नव्हतं.

खोलीत टेबलावर वायरलेस खरखरत होता. त्यावर विचारा ना, मी म्हटलं. रामलाल म्हणाला की विचारायला हरकत नाही, पण पलीकडच्याने आधीच काही कळवलेलं नाही, तर पुन्हा विचारण्याचं कारण काय सांगू? आणि यावर बोललेलं सगळे ऐकतात, ऑफिसात साहेबही ऐकतात.

म्हणजे कारण सांगितलं तर वीरेंद्रची नोकरी. भैयाजींचा एकुलता एक मुलगा, पहिलीच नोकरी. ज्या हातांनी आज दुपारी रेणूचे पाय धुतले होते त्यांच्याच घरावर आच येणार होती. न सांगावं तर पोरगी आत आहे की बाहेर, हे सकाळपर्यंत कळणार नव्हतं. मामाजी शेकोटीजवळ उभे राहिले. हात पुढे केले होते, पण शेकत नव्हते. मग वळले आणि त्यांनी रामलालला सगळं सांगितलं. नाव घेऊन, नातं सांगून, काही न लपवता. चूक पोराची नाही, माझी आहे, असंही सांगितलं.

रामलालने आत जाऊन वायरलेसचा माइक उचलला आणि एवढंच विचारलं की तिकडून दोन मोटारसायकली आत सोडल्या काय. बराच वेळ नुसती खरखर. मी भुपेंद्रचा हात घट्ट धरला होता, माझी नखं त्याला लागली असणार.

"नाई सोडल्या," वीरेंद्रचा आवाज आला. "दोन महिला आहेत. नाक्यावरच थांबल्या. बाजूच्या घरी नंदाबाईपाशी त्यायची सोय केली. ओवर."

मामाजी खाली बसले, तिथेच, मातीत. भुपेंद्रने पाणी आणून दिलं ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही आवरता येईना.

खरं काय झालं ते वीरेंद्रने दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीत बसून सांगितलं. बांबू त्याने उचलला होता. फुफाजींचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा शब्द, आणि वरून वेळही थोडीच टळली होती. चेतनाने गाडी गिअरमध्येही टाकली होती. रेणूने मात्र इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि तो उचललेला बांबू स्वतःच्या हाताने ओढून खाली पाडला. मग विचारलं, तुला उचलायला कोणी सांगितलं. त्याने नाव सांगितलं. ती बाजूच्या दगडावर बसली आणि बुटांच्या पट्ट्या सोडायला लागली.

पण त्या वेळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. रामलाल माइक ठेवणार इतक्यात पुन्हा खरखर झाली.

"रेणूचा निरोप आहे," वीरेंद्र म्हणाला. "मनते, बाबाले कळवा, मी अडकली. चाबी सकाळी आणून देईन. ओवर."

रामलालला काही उमगलं नाही. तो माइक हातात धरून मामाजींकडे बघत राहिला. मला उमगलं. बांबू पाडताना तिला ठाऊक होतं. इथे थांबलो तर गाडी जाणार, जानेवारी जाणार, नागपूरच्या बायका जाणार. आत गेली असती तर कोणाला कळलंही नसतं, आणि आता ती घरी आमच्यासमोर बसून खिचडी खात असती.

मामाजी भिंतीला धरून उठले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. रामलालजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलले. रामलालने मान हलवली आणि माइकचं बटण दाबलं.

"चाबी तिच्यापाशीच ठेवाले सांगून राहिले," तो म्हणाला. "अन नागपूरच्या बायायले हो मनून कळव मनतेत. ओवर."